घरची खाट दप्तरात कुठे शोधायची?
कर्जत-खालापूरकडच्या जुन्या घरातली खाट सुताराने केली की घरच्याच कुणी? दप्तरात सुतार भेटतो, हौशी हात भेटत नाही. म्हणून मी लाकडाच्या मागे लागलो. १८७८च्या वन कायद्याने तोड आणि वाहतूक नियमांत बांधली, म्हणजे माग जंगलखात्याकडे. १८८५मध्ये ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींसाठी मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमलं. त्याचा १८८७चा अहवाल वाचाच.

आणि हो, कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये बघा. मी कुलाब्याचा खंड चाळत बसलो, आठवडा गेला!

राबाच्या फांद्या, नांगराचं लाकूड, घराचे वासे यांवरचे वाद सापडतात. खाट अजून नाही. बहुधा तिचं लाकूड कुणाला न विचारताच घरी आलं असावं.