गोकाकचा गेंडा आणि बडोद्याचे दगड

बडोदे म्हटले की मराठी माणसाला सयाजीराव महाराज आठवतात, लक्ष्मीविलास राजवाडा आठवतो, गावोगावची वाचनालये आठवतात. आम्ही मास्तर मंडळी तर सयाजीरावांचे नाव घेतल्याशिवाय शिक्षणाच्या इतिहासाचा तास पुढे नेतच नाही. १८९३ साली अमरेली भागात महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी पाठ केले आहे. त्याच सुमारास त्याच संस्थानात साठीकडे झुकलेला एक इंग्रज गृहस्थ नद्यांच्या दरडी तपासत हिंडत होता, हे मात्र त्या धड्यात नाही. त्याचे नाव रॉबर्ट ब्रूस फूट. आणि बडोद्याला जाण्यापूर्वी कितीतरी वर्षे याच फूटसाहेबांनी आपल्या बेळगाव जिल्ह्यात, गोकाकजवळ, एक गेंडा शोधून काढला होता!

गेंडा अर्थातच जिवंत नव्हे. घटप्रभेच्या खोऱ्यात चिकदौली गावाजवळ मातीत त्याचे दात आणि कवटी-जबड्याचे तुकडे मिळाले. ती हाडे दगडासारखी झाली होती. फूटसाहेबांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला, आजवर माहीत असलेल्या गेंड्यांपेक्षा ही जात वेगळी आहे असे ठरवले आणि १८७४ साली तिची सचित्र माहिती प्रसिद्ध केली. नाव दिले ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा. गेंडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आसामचे उंच गवत आणि दलदल येते. गोकाकच्या उन्हात एस. टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला सांगून पाहावे, की बाबा रे, इथे एके काळी गेंडे चरत होते. तो आपल्याकडे कसा पाहील याची कल्पना करता येते.

फूटसाहेबांचा जन्म १८३४ चा. १८५८ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. हे खाते सरकारने काढले ते प्रामुख्याने कोळशासाठी. जमिनीखाली काय आहे आणि त्याचे पैसे किती होतील, हा त्यामागचा हिशेब. फूटसाहेबांनी तो हिशेब चोख केला. पण त्यांची नजर आणखी एका गोष्टीकडे लागलेली होती. १८५९ साली फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यातील दगडी हत्यारे ही खरोखरच अतिप्राचीन माणसाने घडवलेली आहेत, हे युरोपातल्या विद्वानांनी मान्य केले. मग अशी हत्यारे हिंदुस्थानात का नसावीत? ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे कवायतीच्या मैदानातील मुरुमाच्या एका खड्ड्यात त्यांना घडीव दगड सापडला. भारताच्या प्रागितिहासाचा अभ्यास त्या मुरुमाच्या खड्ड्यातून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. या शोधासाठी त्यांना कोणी नेमलेले नव्हते. खात्याचे काम सांभाळून केलेला हा उद्योग होता आणि तो त्यांनी पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालवला.

आपल्या भागावर त्यांचा मोठा ग्रंथ आहे. १८७६ साली सर्वेक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात दक्षिणी मराठा मुलूख आणि लगतच्या जिल्ह्यांची भूरचना वर्णिलेली आहे. धारवाडच्या खडकांना स्वतंत्र समूह मानून ‘धारवाड’ हे नाव भूशास्त्रात रूढ केले तेही त्यांनीच. आपल्या धारवाडचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत पोचले ते असे. मलप्रभेच्या आणि घटप्रभेच्या काठच्या गोट्यांत त्यांना अश्मयुगीन हत्यारेही मिळाली. पुढे १९५५ मध्ये डॉ. र. वि. जोशी यांनी मलप्रभेच्या खोऱ्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्याची पायवाट फूटसाहेबांनीच पाडून ठेवलेली होती.

या कामात कष्ट किती, याची कल्पना घरबसल्या येत नाही. नदीच्या पात्रात लाखो गोटे असतात. त्यांतला माणसाने घडवलेला कोणता? पाण्यात घरंगळलेला दगड कोठेही, कसाही फुटतो. घडवलेल्या दगडावर मात्र टवके एका हेतूने काढलेले दिसतात: एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने, आणि दोहोंच्या मध्ये धार. जिथे घाव बसला तिथे टवक्याच्या पोटाला किंचित फुगवटा येतो. हातकुऱ्हाड एकदा हातात धरली की अंगठा आपोआप जागेवर बसतो; पण ती पहिली हातकुऱ्हाड ओळखू येईपर्यंत शंभर साधे दगड उचलून टाकावे लागतात. हाडांचे आणखी निराळे. अश्मीभूत हाड दिसायला दगडासारखेच, पण त्यात बारीक छिद्रे असल्यामुळे जिभेला लावले तर बहुधा किंचित चिकटते. ही युक्ती भूशास्त्रज्ञ आजही वापरतात. किळस वाटणाऱ्याने या नादाला लागू नये!

१८९१ साली फूटसाहेब निवृत्त झाले. वय सत्तावन्न. आपल्याकडे या वयात माणूस फंडाचे पैसे आणि गुडघे यांचा विचार करतो. (माझे स्वतःचे निवृत्तीचे वर्ष जवळ आले आहे, तेव्हा हे अनुभवाने लिहितो.) फूटसाहेबांनी सयाजीरावांच्या संस्थानात भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरी धरली. महाराजांना संस्थानात उद्योगधंदे उभे करायचे होते. दगड, चुना, खनिजे कोठे आहेत याची खात्रीशीर माहिती हवी होती. काम सोपे नव्हते. बडोदे संस्थान एकसंध नव्हतेच. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मध्ये कुठे इंग्रजी मुलूख तर कुठे दुसऱ्या राजाचे गाव. खडकांचा थर एका हद्दीत सुरू व्हावा आणि दुसऱ्या हद्दीत संपावा, अहवाल मात्र आपल्या हद्दीपुरता लिहावा! सीमाभागात राहणाऱ्यांना ही गंमत अधिक समजावून सांगायला नको.

शिवाय खुद्द बडोदे शहर गाळाच्या सपाट जमिनीवर वसलेले. विश्वामित्रीच्या काठी कितीही हिंडा, पायाला ठेच लागेल असा मूळचा खडक मिळायचा नाही. अशा मुलखात भूशास्त्रज्ञाने पाहायचे तरी काय? जिथे नदीने स्वतःच जमीन कापून ठेवली आहे अशा उंच दरडी. मही आणि साबरमती या नद्यांनी आपल्याच जुन्या गाळात खोल पात्रे कोरली आहेत, बाजूला घळींचे जाळे आहे. गुजरातीत त्यांना ‘कोतर’ म्हणतात. त्या दरडी म्हणजे उघडून ठेवलेली पुस्तकेच, फक्त शेवटचे पान वर आणि पहिले तळाशी.

साबरमतीकाठच्या सादोलिया आणि पेढामली येथे फूटसाहेबांना तळाच्या गोट्यांच्या थरात जुन्या अश्मयुगाची हत्यारे मिळाली. नव्या अश्मयुगाच्या खुणा होत्या त्या अगदी वर, पृष्ठभागावर. आणि या दोहोंच्या मध्ये सुमारे २०० फूट जाडीचा गाळ आणि वाऱ्याने आणून टाकलेली माती. त्यांनी या जाडीवरून अंदाज बांधला की दोन्ही काळांच्या मध्ये फार मोठा खंड गेला असला पाहिजे. त्या वेळी काळ मोजण्याचे आजचे कोणतेही साधन नव्हते. कोणता दगड कोणत्या थरात, त्याच्या वर काय, खाली काय, एवढीच सामग्री. १८९८ साली बडोदे संस्थानाच्या भूशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ मद्रासमध्ये छापून निघाला, त्यात हे सगळे आहे. महाराजांनी मागितला होता दगड-चुन्याचा हिशेब. त्याबरोबर गुजरातच्या आदिमानवाचा पत्ताही मिळाला.

पत्ता हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुढचा प्रसंग पाहा. १९४१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक ह. धी. सांकळिया आपली पहिली गुजरात प्रागैतिहासिक मोहीम घेऊन साबरमतीवर गेले. फूटसाहेबांना जाऊन जवळपास तीस वर्षे झाली होती. पण गावांची नावे, थरांची वर्णने कागदावर होती. सांकळिया त्या कागदाच्या आधारे त्याच नदीकाठावर पोचले आणि त्यांनाही हत्यारे मिळाली. १९४६ साली त्यांचा या संशोधनावरचा ग्रंथ निघाला तो बडोदे सरकारच्याच ग्रंथमालेत. एका राजाच्या काळात लावलेले रोप त्याच्या नातवाच्या काळात फळाला आले.

फूटसाहेबांनी मानलेल्या खंडाचे काय? म्हेसाणा जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कडी प्रांताच्या बाजूला, लांघणज नावाचे गाव आहे. तेथे वाळूच्या टेकाडांत सांकळियांना बोटाच्या पेराएवढी इवली दगडी हत्यारे आणि पाय दुमडून पुरलेले माणसांचे सांगाडे मिळाले. या सांगाड्यांचा अभ्यास केला इरावती कर्वे यांनी. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याच्या वीस-बावीस वर्षे आधी बाई लांघणजच्या वाळूत बसून माणसांची हाडे मोजत होत्या. जुन्या आणि नव्या अश्मयुगांच्या मधली रिकामी जागा अशी भरू लागली.

याच लांघणजला एक खांद्याचे हाड मिळाले. त्यावर बारीक खड्डे पडलेले होते. लंडनहून आलेले प्रा. झॉयनर यांच्या मते तेथील माणसाने ते दगडी पाती घडवताना ऐरणीसारखे वापरले होते. हाड होते गेंड्याचे! गोकाकचा गेंडा लाखाच्या हिशेबातल्या काळातला. हा तुलनेने कालपरवाचा, काही हजार वर्षांपूर्वीचा. पण दोघांची साक्ष एकच: आज आपण जिला कोरडी जमीन म्हणतो तिथे कधी काळी गवत होते, पाणथळ होते. हे हाड वाळूतून कोणी नुसतेच उपटून नेले असते तर ते फक्त गेंड्याचे हाड राहिले असते. माणसाची ऐरण ते ठरले, कारण इवली हत्यारे त्याच थरात होती आणि तशी नोंद झाली.

बडोद्याहून दोन-अडीच तासांवर बालासिनोर आहे. फूटसाहेब नोकरीला होते तेव्हा ते बाबी नवाबांचे वेगळे संस्थान होते. तिथल्या रैयोली गावच्या परिसरात १९८१ पासून डायनोसॉरची हाडे आणि अंडी मिळू लागली. खेडा जिल्ह्यातील अंड्यांची नोंद भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच खात्यातील सुरेश श्रीवास्तव यांनी रैयोलीची हाडे काढताना कोणते हाड कोठे पडले होते याचा नकाशा काढून ठेवला. ती हाडे जवळजवळ वीस वर्षे पडून होती. नंतर भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्या नकाशावरून ती जुळवली, आणि २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा मांसाहारी डायनोसॉर जगापुढे आला. नकाशा नसता तर ते एक हाडांचे पोते होते.

मोहबे यांच्या दुसऱ्या दगडाची हकिगत तर कादंबरीत शोभेल अशी आहे. ढोली डुंगरी येथून त्यांनी अंडी आणि लहान हाडे असलेला एक दगड अखंड आणला. १९८७ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन डायनोसॉरचे पिल्लू असे केले, आणि पिल्लू होतेही. पण २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो पुन्हा निरखला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे निघाले. साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून, शेजारी अर्ध्या मीटरचे नुकते बाहेर आलेले पिल्लू. सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा तो क्षण जसाच्या तसा गाडला गेला होता. २०१० मध्ये या सापाचे नाव जाहीर झाले, ‘सनाजेह इंडिकस’. कोणा हौशी माणसाने चांगली दिसतात म्हणून फक्त अंडी ठोकून काढली असती तर काय राहिले असते? रैयोलीला आता संग्रहालय आहे, २०१९ साली सुरू झालेले. बडोद्याच्या नातेवाइकांकडे जाल तेव्हा मुलांना जरूर न्यावे.

आता आपल्या घराकडे वळतो. पुष्कळशा शाळांत भूगोलाच्या कपाटात एक दगडांचा कप्पा असतो. कोणी विद्यार्थ्याने, कोणी माजी शिक्षकाने आणलेले दगड. त्यांत एखादी खरी हातकुऱ्हाडही असते. पण कोठून आणली हे सांगणारा गेला, चिठ्ठी नाही, आणि ती पेपरवेट होऊन बसते. दुसरीकडे नदीकाठची वाळू उपसली जाते, मुरुमाच्या खाणी रुंदावतात, खडीच्या यंत्रात काय काय भरडले जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. दगडी हत्यारांना १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण आहे. जीवाश्मांसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला. कायदे होतील तेव्हा होतील. माझ्या शाळेतल्या मुलांना मी एवढेच सांगतो: दिसले तर आधी उचलू नका. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा. गाव, शेत, नाला, जमिनीपासून किती खाली हे वहीत लिहा, तारीख घाला आणि मग शाळेत सांगा. उकरायचे तर मुळीच नाही. मोबाइल फोन सगळ्यांच्या हातात आहे, आणि फूटसाहेबांजवळ असलेली कागद-पेन्सिल तर दुकानात अजून मिळते.

फूटसाहेबांनी आपला संग्रह १९०४ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला दिला, संग्रहालयाने तो विकत घेतला. त्यानंतर म्हातारपणाची वर्षे त्यांनी त्या हजारो दगडांची यादी करण्यात घालवली. डिसेंबर १९१२ मध्ये ते वारले. यादीचा पहिला भाग १९१४ मध्ये छापला गेला आणि त्यावरच्या टिपांचा भाग १९१६ मध्ये. बडोदे संस्थानातले दगडही त्या यादीत आहेत, गावांच्या नावांसकट.