आईस्क्रीममधले जंतू: थोडा इतिहास

"डॉक्टर, आईस्क्रीम इतकं थंड असतं, त्यात जंतू कसे जगतील?" उन्हाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. थंडीने जंतूंची वाढ थांबते, पण बरेचसे जंतू मरत नाहीत. जगाला हे कळायला बऱ्याच लोकांना आजारी पडावं लागलं.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर 'पेनी लिक' मिळे. काचेच्या छोट्या पेल्यातलं आईस्क्रीम चाटायचं आणि पेला परत द्यायचा. विक्रेता तो त्याच बादलीत बुचकळून पुढच्या गिऱ्हाइकाला देई. क्षयरोग पसरण्याच्या भीतीने १८९९ मध्ये तिथे या पेल्यांवर बंदी आली.

पण दोष फक्त पेल्याचा नव्हता. १९४६ च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या गावात दोनशेहून अधिक लोकांना टायफॉइड झाला. माग आईस्क्रीमवाल्यापर्यंत पोचला. तो स्वतः ठणठणीत होता, पण त्याच्या लघवीतून टायफॉइडचे जंतू बाहेर पडत होते. अशा माणसाला आम्ही 'वाहक' म्हणतो. १९४७ मध्ये ब्रिटनने नियम केला: आईस्क्रीमचं मिश्रण सुमारे ६६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवायचं (किंवा ७१ अंशाला १० मिनिटं) आणि मग दीड तासात ७ अंशांपर्यंत थंड करायचं. यातली घाईघाईने थंड करण्याची अट मला तापवण्याइतकीच महत्त्वाची वाटते, कारण कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात.

मग प्रश्न सुटला? नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या श्वान्स कंपनीच्या आईस्क्रीममुळे अंदाजे २ लाख २४ हजार लोकांना साल्मोनेलाचा संसर्ग झाला. मिश्रण व्यवस्थित पाश्चराइज केलेलं होतं. मात्र ते कारखान्यात आणणाऱ्या टँकरांतून आधी कच्च्या अंड्यांचं द्रावण वाहून नेलेलं होतं आणि कारखान्यात मिश्रण पुन्हा तापवलं जात नव्हतं. आईस्क्रीममध्ये सापडलेले जंतू संख्येने फारच थोडे होते, तरी तेवढे पुरले. दुधातली चरबी त्यांना जठरातल्या आम्लापासून वाचवत असावी, असं अभ्यासकांना वाटलं.

म्हणूनच "अहो, दूध चांगलं आटवलेलं असतं" या उत्तराने माझं समाधान होत नाही. कुल्फीचं दूध तासभर उकळलं असेलही. त्यानंतर ते किती वेळ उघडं निवत ठेवलं, साचे कोणत्या पाण्याने धुतले आणि मटक्यातला बर्फाचा खारा चिखल साच्याच्या झाकणातून आत झिरपतो का, हे मी बघतो. तो बर्फ बहुधा पिण्याच्या पाण्याचा नसतो. गरोदर बायका, लहान मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्यांना मी गाडीवरची कुल्फी टाळायलाच सांगतो. आणि कुल्फी खाल्ल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप येऊन चढतच गेला, तर दवाखान्यात आल्यावर कुल्फीचा उल्लेख जरूर करा.