गुंड्याभाऊ गेले, आता टेप तरी जपा



२८ ऑगस्ट २०२५ ला बाळ कर्वे गेले, पंचाण्णवाव्या वर्षी. त्याला दोन महिने व्हायच्या आत, २५ ऑक्टोबरला सतीश शाह गेले. दोन्ही वेळेला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच झालं. जुना फोटो, हात जोडलेले, 'आमचं बालपण गेलं' अशी एक ओळ, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा शांत. श्रद्धांजलीला माझी ना नाही, मीही वाहिली. पण या दोन माणसांबरोबर नेमकं काय जातंय, त्याचा जरा हिशोब मांडावा म्हणून हे लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं. एकच वाहिनी, कृष्णधवल चित्र, तेही संध्याकाळचे काही तास. अशा काळात, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, 'चिमणराव' आले. चि. वि. जोशी हे बडोद्याला पाली शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी चिमणराव कागदावर आणले त्यालाही तेव्हा चाळीसेक वर्षं होऊन गेली होती. 'लग्न पहावे करून' हा सिनेमा १९४० चा, त्यात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी होती. म्हणजे पात्रं जुनी, लोकांच्या ओळखीची. ती पुन्हा नव्याने उभी करायची म्हणजे मोठीच जोखीम.

विजया जोगळेकर-धुमाळे यांनी ती घेतली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एक घाबरट, सरळमार्गी, बोलता बोलता स्वतःच गोत्यात येणारा, आणि दुसरा धिप्पाड, आधी हात उगारणारा आणि मग विचार करणारा मावसभाऊ. दोघंही नाटकातले. बाहेरच्या झगमगीत जागा नाहीत, स्टुडिओतलं घर, चार माणसं आणि बोलणं. एवढ्यावर अख्खा महाराष्ट्र हसत होता. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता. त्या वेळेला त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि उशिरा येणाऱ्याला खिडकीच्या गजांना धरून बघावं लागायचं. असं घर तुमच्याही गल्लीत असणारच.

मग आलं १९८४. आधी 'हम लोग', आणि त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी'. लिहिणारे शरद जोशी, दिग्दर्शनात कुंदन शाह, शीर्षकगीताला किशोरकुमारचा आवाज. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, फरीदा जलाल, टिकू तलसानिया. आणि सतीश शाह, जे दर भागात वेगळाच माणूस होऊन यायचे. प्रायोजक आपले विको. आता या यादीवरून बोट फिरवा. शरद जोशी १९९१ मध्ये गेले. शफी इनामदार १३ मार्च १९९६ ला, त्याच दिवशी ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका उपांत्य सामना चालू होता. कुंदन शाह २०१७ मध्ये. त्याच वर्षी 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं'वाल्या रीमा लागू. 'श्रीमान श्रीमती'मधले जतीन कनाकिया तर १९९९ मध्येच गेले होते.

माणसं जाणारच, त्याला इलाज नाही. माझा मुद्दा पुढचा आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने 'रामायण', 'महाभारत' पुन्हा दाखवलं, तसंच 'श्रीमान श्रीमती' आणि 'देख भाई देख'ही दाखवलं. माझ्या पुतण्यांनी रीमाताईंना पहिल्यांदा तिथे बघितलं आणि खो खो हसले. हे का जमलं? टेप होती म्हणून. ऐंशीनंतरच्या प्रायोजित मालिकांना बाहेरचा निर्माता होता, टेप जपण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. त्याआधी दूरदर्शन केंद्राने घरच्या घरी केलेल्या कार्यक्रमांना असा वाली नव्हता. टेप महाग, साठा कमी, त्यामुळे जुनं पुसून त्यावर नवं चित्रित करायचं ही तेव्हाची सर्रास रीत. शिवाय तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते, म्हणजे प्रेक्षकाकडेही प्रत नाही. केंद्राने पुसलं की संपलंच! आज यूट्यूबवर 'चिमणराव' शोधा, तुकडे हाती लागतात. पहिल्या भागापासून शेवटपर्यंत सलग बघायला मिळत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही हेच केलं. 'डॅड्स आर्मी' ही त्यांची लाडकी विनोदी मालिका १९६८ ते १९७७ चालली, ८० भाग झाले. त्यातले तीन आजही सापडलेले नाहीत. फरक नंतरच्या वागण्यात आहे. त्यांनी कुठले भाग गेले ते जाहीर केलं, लोकांना आवाहन केलं, आणि २००१ मध्ये हरवलेले दोन भाग खरंच सापडले. उरलेले तीन २०१९ मध्ये एका वाहिनीने जुन्या संहितांवरून नवे नट घेऊन पुन्हा उभे केले. त्या पलटणीतल्या मुख्य नटांपैकी शेवटचे, इयन लव्हेंडर, फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. पण काय आहे आणि काय नाही, हे त्यांच्या प्रेक्षकाला नक्की माहीत आहे.

आपल्यालाही एवढं मागता येईल की नाही? सह्याद्रीने १९७२ ते १९८४ मधल्या मराठी कार्यक्रमांची यादी जाहीर करावी, काय शिल्लक आहे आणि काय गेलं. जे शिल्लक आहे ते डिजिटल करून मोफत बघायला ठेवावं. हे आपल्याच पैशातून झालेलं काम आहे, तेव्हा टीव्हीला लायसन्स फी भरावी लागायची, आठवतंय ना? आणि तिसरं, सगळ्यात घाईचं. प्रभावळकर अजून आपल्यात आहेत, कामही करताहेत. त्यांच्याइतकेच मोलाचे आहेत त्या काळचे कॅमेरामन, नेपथ्यवाले, रंगभूषावाले, ज्यांना कुणी श्रद्धांजलीसुद्धा वाहत नाही. टेप नसेल तिथे यांची आठवण हाच पुरावा. ती आता नोंदवली नाही तर तीही पुसली जाईल.

तुमच्या ओळखीत त्या काळात वरळीच्या केंद्रात काम केलेलं कुणी असेल, तर एक रविवार काढा, फोनवरच रेकॉर्ड करा. कुणाकडे संहिता, सेटवरचे फोटो, ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्या रद्दीत घालू नका. बुरशी धरायच्या आत त्यांची प्रत करून घ्या.

'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला दोन सेकंद लागतात. हे काम त्याहून थोडं जास्त आहे, एवढंच.