ट्युलिपचे कंद मागवताय? पैसे भरण्याआधी हे वाचा

मोबाईलवर रंगीत ट्युलिपचे फोटो पाहून अनेक जण कंद मागवतात. कोंब येतो, पानं येतात, पण फूल काही येत नाही. दोष मातीचा किंवा खताचा नसतो, हवामानाचा असतो.

थंडी का लागते?
फुलण्याआधी ट्युलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवडे साधारण ९ अंशांखालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर दांडा वाढत नाही आणि कळी आतच सुकते. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या बागेत कंद हिवाळ्याआधी लावतात, ते मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. आपल्याकडे रात्री गारठा पडला तरी दुपारी ऊन तापतंच.

हौस असेल तर
कंद कागदी पिशवीत घालून सप्टेंबरपासून तीन-साडेतीन महिने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत, बर्फाच्या कप्प्यात नको. शेजारी केळी, सफरचंद ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. डिसेंबरअखेर कुंडीत लावून कडक उन्हापासून जपावं. तोच कंद पुढच्या वर्षी सहसा फुलत नाही. ‘ट्युलिपचं बी’ तर घेऊच नये, बियापासून फूल यायला चार-पाच वर्षं सहज जातात.

आपल्या हवेत येणारी कंदफुलं
निशिगंध : लागवड एप्रिल-मे. २० ते ३० ग्रॅम वजनाचे निरोगी कंद निवडावेत. एकदा लावल्यावर साधारण तीन वर्षं पीक ठेवता येतं. हारासाठी सिंगल, फुलदाणीसाठी डबल. शृंगार, प्रज्वल हे सिंगल, तर सुवासिनी, वैभव हे डबल प्रकारातले वाण आहेत.
ग्लॅडिओलस : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावल्यास वाणानुसार दोन ते तीन महिन्यांत फुलांचे दांडे मिळतात. नुकते काढलेले कंद लगेच लावू नयेत, त्यांना सुमारे तीन महिने विश्रांती लागते.
फुटबॉल लिली : परसात एकदा लावली की दरवर्षी मे-जूनच्या सुमारास लाल गोळ्यासारखं फूल येतं.

हे विसरू नका
पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून निचऱ्याची जमीनच निवडावी. ट्युलिप आणि लिलीचे कंद कांद्यासारखे दिसतात, पण विषारी असतात. लहान मुलं आणि शेळ्या-गुरांपासून ते लांब ठेवावेत, स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीजवळ तर नकोच. विक्रीसाठी लावणाऱ्यांनी आधी जवळच्या फूलबाजारात मागणी पाहावी, मगच क्षेत्र ठरवावं.