टूटू आणि ग्वाल्हेरचा बॅले

वाढदिवसाला लहान मुलींना घालतात तो कमरेपासून फुललेला जाळीचा फ्रॉक आता आपल्या पाटणकर बाजारातही सहज मिळतो. दुकानदार त्याला ‘नेटचा फ्रॉक’ म्हणतो, आतल्या कडक जाळीला ‘कॅनकॅन’ म्हणतो. नाती मात्र टूटूच म्हणतात. हा शब्द बॅलेचा आहे, आणि बॅले हा शब्द ग्वाल्हेरला नवा नाही. या शहरात वीस वर्षे बॅलेची एक नामांकित मंडळी राहून गेली. तिच्या बॅलेत टूटू नव्हता, म्हणून हे टिपण.

आधी टूटूविषयी. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला पोटरीच्या खालपर्यंत घोळदार उतरणारा. मारी ताल्योनीने १८३२ साली पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ या बॅलेत घातलेल्या पांढऱ्या पोशाखापासून तो रूढ झाला. दुसरा आखूड, कमरेपासून ताटासारखा आडवा पसरलेला; तो त्याच शतकाच्या उत्तरार्धातला. चवड्यांवर उभे राहून केलेले पायांचे अवघड काम दिसावे म्हणून झगा वर चढत गेला. कापड म्हणजे ट्यूल, फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावावरून ओळखली जाणारी बारीक जाळी. आखूड टूटूत तिचे दहाबारा थर एकावर एक शिवतात. दिसायला हवेसारखा हलका हा पोशाख जिवावरही बेतला आहे. १८६२ साली पॅरिसमध्ये तालमीच्या वेळी एमा लिव्री या तरुण नर्तकीचा झगा गॅसच्या दिव्यावर पेटला आणि पुढच्या वर्षी ती वारली. आग न लागणारे, औषधात बुडवलेले कापड तेव्हाही होते. पण ते कडक आणि मळकट दिसते म्हणून तिने नाकारले होते.

आपल्या कथकचा अंगरखाही घेरदारच. पण तो चक्कर घेताना फुलतो आणि सम आली की खाली बसतो. टूटू नर्तकी स्तब्ध उभी असतानाही फुललेलाच असतो.

आता ग्वाल्हेरकडे येऊ. आना पावलोवा ही टूटूतली जगप्रसिद्ध नर्तकी. १९२३ साली लंडनमध्ये तिने राधा-कृष्णाचे नृत्य केले, त्यात कृष्ण होते उदय शंकर. पुढे उदय शंकरांनी अल्मोड्याला केंद्र काढले. तिथे शांती बर्धन होते. त्यांनी १९५२ साली मुंबईत लिटिल बॅले ट्रूप स्थापन केला. क्षयाने ग्रासलेले असतानाच त्यांनी ‘रामायण’ बसवले आणि १९५४ साली ते गेले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि नृत्यरचनाकार प्रभात गांगुली यांनी मंडळी टिकवली. १९६४ साली ती ग्वाल्हेरला आली आणि १९८४ साली भोपाळला गेली. गुलबाईंना २०१० साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

‘रामायणा’त नर्तक कठपुतळ्या होतात. चेहऱ्यावर मुखवटा, हातपाय कोनात वळणारे, मान दोरीने ओढल्यासारखी. ‘पंचतंत्रा’त कावळा, उंदीर, कासव, हरीण. टूटू नर्तकीचे पाय मोकळे करतो. इथे पोशाख नर्तकाला माणूसपणच विसरायला लावतो. शाळेत असताना मी ‘रामायण’ पाहिले. शेजारच्या काकू सबंध वेळ विचारत होत्या, “अरे, पण बॅले कधी सुरू होणार?” सिनेमात पाहिलेले पांढरे झगे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. घरी परतताना मात्र त्या रावणाची मान करून दाखवत होत्या.

फॅशनमध्ये टूटू फार उशिरा रस्त्यावर आला. १९९८ साली सुरू झालेल्या ‘सेक्स अँड द सिटी’ या अमेरिकन मालिकेच्या शीर्षकदृश्यात नायिका तो घालून न्यूयॉर्कमध्ये फिरते, तेव्हापासून तो विशेष चर्चेत आला. आपल्याकडे तो वाढदिवसापुरता आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापुरता. संमेलनात परीचे सोंग असले की टूटू ठरलेलाच. माझ्या मते पोरींना खुशाल घालू द्यावा, जाळी टोचत नसेल तर. आत सुती अस्तर लावून घ्यावे, एवढेच.

लश्करमधल्या आपल्या काही घरांत त्या वीस वर्षांतले कार्यक्रमांचे छोटे पत्रक, तिकिटाचा अर्धा तुकडा किंवा एखादा फोटो अजून असू शकेल. मी स्वतः घरातल्या दोन ट्रंका उपसल्या, पण हाती लागली ती फक्त जुनी पासबुके. कोणाकडे काही सापडले तर रद्दीत देण्याआधी समाजाच्या कार्यालयात दाखवावे. फोटोच्या मागे साल आणि ओळखीच्या माणसांची नावे पेन्सिलीने लिहून द्यावीत. शाई पुढच्या बाजूला उमटते.