महालाचा समुद्र आणि कासव नंबर ०३२३३

नागपूरच्या महालात राहून हा माणूस समुद्राच्या गोष्टी काय सांगणार, असं वाटत असेल तर थोडं थांबा. महालाला एकेकाळी स्वतःचा समुद्र होता.

आधी प्राण्याबद्दल. युरोप-अमेरिकेत ओहोटीच्या वेळी खडकांवर सुस्त पसरलेले सील तुम्ही रील्समध्ये पाहिले असतील. आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत. आपल्याकडे पाण्यातून वर येतं ते ऑलिव्ह रिडले कासव, आणि ते आरामाला येत नाही. फक्त मादी येते, तीही बहुतेक रात्री. वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वरून वाळू थापते आणि तासाभरात परत पाण्यात.

आता महाल. १७५१ साली बंगालच्या अलीवर्दी खानानं रघूजी भोसल्यांशी तह केला. त्यानंतर ओडिशाचा कारभार हळूहळू नागपूरकरांच्या हाती आला, साधारण सुवर्णरेखा नदीपासून चिलिका सरोवरापर्यंत. १८०३ च्या देवगावच्या तहात हा सगळा किनारा इंग्रजांकडे गेला. याच पट्ट्यात गहिरमाथा आहे. तिथे काही वर्षी, मोजक्या रात्रींत, लाखो माद्या एकदम वाळूवर येतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या अशा जागांपैकी ही एक. पण शास्त्रज्ञांच्या जगाला तिचा पत्ता लागला १९७४ साली.

दुसरा किनारा आपल्या कोकणातला. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे, नाना फडणवीसांचं मूळ गाव. १७८० च्या सुमारास नानांनी इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदर आणि आपले भोसले यांची मोट बांधली. भोसल्यांनी बंगालवर चालून जायचं ठरलं होतं. फौज कटकला पोचली आणि तिथेच रेंगाळली, कारण वॉरन हेस्टिंग्जनं पैसे मोजले. (नागपूरच्या इतिहासातलं हे पान आपण जरा हळू आवाजातच वाचतो.)

वेळासचा किनारा गहिरमाथ्यासारखा नाही. कोकणात डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरते आणि दोन सोंडांच्या मधे वाळूची छोटीशी पुळण असते. तिथे कासवं एकेकटी येतात, त्यामुळे घरटी विखुरलेली. अशी घरटी लुटणं सोपं. कुत्री उकरतात, कोल्हे उकरतात आणि माणसं तर उकरायचीच. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या साथीदारांना, वेळासला अंडी चोरीला गेलेली घरटी दिसली. मला आवडतं ते त्यांचं पुढचं पाऊल. त्यांनी गावालाच राखणदार केलं. पहाटे पुळणीवर फिरायचं, कासवाच्या पावलांचा माग काढायचा, अंडी उचलून कुंपणाच्या आतल्या खड्ड्यात पुरायची आणि साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघाली की ती पाण्याजवळ सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले, म्हणजे जिवंत पिल्लांतून गावात पैसा येऊ लागला. नुसत्या जनजागृतीच्या पोस्टरनं हे झालं नसतं, असं माझं मत.

आता हे दोन किनारे जोडूया. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असाच बरीच वर्षं समज होता. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह-टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा या समजाला पहिला धक्का बसला. मग २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला एक मादी आली. तिच्या पायाला धातूचा बिल्ला होता, नंबर ०३२३३. नोंदी तपासल्या तर हा बिल्ला १८ मार्च २०२१ ला लावलेला. कुठे? गहिरमाथ्याला!

साधारण ३,५०० किलोमीटर. या बिल्ल्यात जीपीएस वगैरे काही नसतं. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ती नुसती प्रायमरी की. त्यामुळे तिची वाट श्रीलंकेला वळसा घालून होती की रामेश्वरजवळच्या उथळ पाण्यातून, हे बिल्ला सांगत नाही. पण एकच मादी दोन्ही किनाऱ्यांची असू शकते, एवढं त्यानं दाखवून दिलं. म्हणजे कोकणातल्या पुळणीवर राखलेलं घरटं ओडिशाच्या कासवाचंही असू शकतं.

गुहागरला तिनं १२० अंडी घातली. त्यातून १०७ पिल्लं समुद्रात गेली.