बंदुकीत गोळ्या किती?

रानडुकरांवरून आपल्याकडे जो वाद चालतो त्यात दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "बंदुका द्या." दुसरा म्हणतो, "एकही जनावर मरता कामा नये." या दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे आणि तो कुणीच विचारत नाही. मारायची परवानगी दिलीच, तर मारायचं कशानं? आणि बंदुकीत एका वेळी गोळ्या किती?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण बाहेरच्या देशांनी या एकाच प्रश्नावर शंभर-सव्वाशे वर्षं डोकं घातलंय.

माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो कोलोरॅडोत राहणाऱ्या मावसभावामुळे. तिकडे एल्कच्या शिकारीचा हंगाम असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. शिकारीसाठी सरकारकडून टॅग घ्यायचा, एका टॅगवर एकच जनावर. भावानं अर्ध-स्वयंचलित रायफल घेतली. दर बाराला घोडा ओढायचा, पण पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं. ही काडतुसं ज्या डब्यात रचलेली असतात त्याला मॅगझिन म्हणतात. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा, खाली स्प्रिंग, वर सरकती पट्टी, बस्स. त्याच्या रायफलीबरोबर आलं दहाचं मॅगझिन. पण कोलोरॅडोचा शिकारीचा नियम म्हणतो की अशा रायफलीत मॅगझिन आणि नळी मिळून सहाच काडतुसं चालतील. म्हणजे पाचाचं मॅगझिन हवं. ते काही मिळेना. "दादा, रायफल अर्ध्या तासात घेतली आणि कमी गोळ्यांचा डबा शोधायला तीन शनिवार गेले," असं तो फोनवर सांगत होता.

मी विचारलं, "अरे, मारायचाय एकच एल्क, मग डब्यात दहा असल्या काय नि पाच असल्या काय?" तो म्हणाला, "नियम आहे." नियम आहे हे खरं, पण तो आला कुठून? म्हणून मी वाचायला बसलो.

सुरुवात रायफलीपासून नाही, बदकांपासून होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शिकार हा बाजाराचा धंदा होता. शहरांतल्या हॉटेलांना पक्षी पुरवायचे, पिंपं भरभरून. प्रवासी कबुतरं एके काळी तीन ते पाच अब्ज असावीत असा अंदाज सांगतात. त्यातलं शेवटचं, मार्था नावाचं, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. याच काळात बंदूकही बदलत होती. जॉन ब्राउनिंगनं बनवलेली अर्ध-स्वयंचलित छऱ्याची बंदूक १९०२ च्या सुमारास बाजारात आली. दुनळीत दोन बार असतात. हिच्यात खांद्यावरून न उतरवता पाच. थवा डोक्यावरून जातोय तोवर पाचही बार उडवता यायचे.

लोक लगेच अस्वस्थ झाले, आणि त्यात शिकारीही होते. पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९०७ सालीच शिकारीत स्वयंचलित बंदुका वापरायला बंदी घातली. विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञानं १९१३ च्या आपल्या पुस्तकात या बंदुकांविरुद्ध रान उठवलं. १९१६ साली ब्रिटननं कॅनडाच्या वतीनं अमेरिकेशी स्थलांतरित पक्ष्यांबाबत करार केला आणि १९१८ साली त्याचा कायदा झाला. तरी तीन बारांचा नियम यायला आणखी सतरा वर्षं गेली.

तो आणला दुष्काळानं. १९३० च्या दशकात गवताळ पट्ट्यातली तळी आटली, बदकांची वीण होईना. १९३४ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बायॉलॉजिकल सर्व्हे या खात्यावर जे. एन. 'डिंग' डार्लिंग यांना नेमलं. हा गृहस्थ वृत्तपत्रातला व्यंगचित्रकार, पुलित्झर मिळवलेला, आणि स्वतः बदकांचा शिकारी. त्यानं १९३५ च्या हंगामात आपल्याच बिरादरीवर तीन नियम लादले. दाणे टाकून पक्षी गोळा करायचे नाहीत. पाळलेली जिवंत बदकं आमिष म्हणून बांधायची नाहीत. आणि बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं भरायची नाहीत.

आता पाच मावणाऱ्या लाखो बंदुका तर घरोघरी होत्या. त्या काय मोडीत काढायच्या? उपाय निघाला लाकडाचा. नळीखालच्या लांबट मॅगझिनमध्ये एक दांडी घालायची, म्हणजे तिथं दोनच काडतुसं मावतात. नळीतलं एक धरून तीन. अट एकच, बंदूक खोलल्याशिवाय ती दांडी निघता कामा नये. आजही तपासनीस येतो तेव्हा मॅगझिनमध्ये काडतुसं सरकवून बघतो. तिसरं आत गेलं की दंड.

तुम्ही म्हणाल, रोज किती पक्षी मारायचे याची मर्यादा होतीच की, मग बंदुकीला वेसण कशाला? कारण मेलेले पक्षी मोजता येतात, जखमी झालेले येत नाहीत. पहिले दोन बार नेम धरून मारले जातात. चौथा-पाचवा लांब गेलेल्या थव्यावर नुसता झोकून दिला जातो. त्यातले छरे लागून जो पक्षी दोन मैलांवर जाऊन पडतो तो कुणाच्याच हिशेबात येत नाही.

या नियमाची दुसरी बाजूही पाहा. पुढं बर्फाळ हंस इतके वाढले की आर्क्टिकमधली जमीन चरून चरून उघडी पाडू लागले. तेव्हा १९९९ साली त्यांच्यासाठी खास हंगामात हीच दांडी काढून टाकायला सरकारनंच परवानगी दिली. म्हणजे तीन हा आकडा पवित्र नव्हता. परिस्थिती पाहून घट्ट आणि सैल करायचा तो नळ होता.

आता रायफलीकडे येऊ. फ्लोरिडात हरणासाठी अर्ध-स्वयंचलित रायफलीत पाचापेक्षा मोठं मॅगझिन चालत नाही. मिशिगनमध्ये मॅगझिन आणि नळी मिळून सहा. सगळीकडे आकडा पाच-सहाच्या आसपासच का? मला दिसतं ते असं. जुनी शिकारी रायफल बोल्टची होती, दर बारानंतर हातानं खटका मागं-पुढं करायचा. १८९८ च्या माउझरमध्ये पाच काडतुसं मावत आणि पुढच्या बहुतेक शिकारी रायफली त्याच साच्यातल्या. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रिग्बीही माउझर पद्धतीचीच. म्हणजे कायदा नव्या रायफलीला सांगत होता, बाई गं, तू लष्करातून आली असशील, पण या रानात जुन्या रायफलीच्या रीतीनं राहा.

इथं प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. हरणांची संख्या या नियमानं वाचत नाही, ती टॅगनं वाचते. खिशात पाचाची आणखी दोन मॅगझिनं ठेवायलाही सहसा कुणी हरकत घेत नाही. मग नियमाचा उपयोग काय? पाच संपल्यावर थांबावं लागतं, एवढाच. त्या थांबण्यात माणूस भानावर येतो. जनावर जखमी आहे का, मागं घर आहे का, दुसरा शिकारी आहे का, हे बघतो. पेनसिल्व्हेनियात तर अर्ध-स्वयंचलित रायफलीला शिकारीची वाट मिळायला २०१६-१७ साल उजाडलं, तेही छोट्या शिकारीपुरतं. हरणासाठी नकोच, असं म्हणणाऱ्यांत खुद्द शिकारीच मोठ्या संख्येनं होते.

युरोपनं आकडा आणखी खाली आणला. १९७९ चा बर्नचा वन्यजीव करार आणि त्याच वर्षीचा युरोपीय पक्षी-निर्देश, दोन्हींत मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणारी अर्ध-स्वयंचलित हत्यारं निषिद्ध साधनांच्या यादीत आहेत. जर्मनीचा नियमही दोनाचाच होता. तिथले शिकारी वर्षानुवर्षं दोनाचं मॅगझिन लावून रायफल वापरत. मग एका शिकाऱ्याच्या परवान्यावर कचेरीनं शेरा मारला की फक्त दोनाचंच मॅगझिन चालेल. तो शेरा काढून घ्यायला हा बहाद्दर कोर्टात गेला. ७ मार्च २०१६ रोजी लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला की ज्या रायफलीला मोठं मॅगझिन लावता येतं ती रायफल शिकारीसाठी मुळातच चालणार नाही! गेला शेरा पुसायला, आणि रायफलीवरच गदा आली. देशभर गोंधळ झाला. शेवटी संसदेनं त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला की मॅगझिन कुठलंही लावता येवो, शिकारीच्या वेळी अर्ध-स्वयंचलित रायफलीत एकूण तीनच काडतुसं भरलेली असावीत.

कॅनडाची गोष्ट वेगळी, आणि दुःखाची. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रिअलच्या इकोल पॉलिटेक्निक या इंजिनिअरिंग कॉलेजात एका माणसानं अर्ध-स्वयंचलित रायफलीनं १४ स्त्रियांना मारलं. त्यातून वाचलेल्या हायडी रॅथजेन यांच्यासारख्या विद्यार्थिनींनी पुढं बंदूक-नियंत्रणाची चळवळ उभी केली. १९९१ साली कायदा झाला आणि त्याच्या नियमांनी अशा रायफलींचं मॅगझिन पाच काडतुसांवर आणलं. मोठी मॅगझिनं आतून रिव्हेट मारून पाचावर अडवली गेली. हातानं बोल्ट ओढायच्या रायफली मात्र यातून सुटल्या. त्यामुळं दहा काडतुसांची जुनी ली-एनफिल्ड, जी ब्रिटिश राजवटीत आपल्या सैनिकांच्याही खांद्यावर होती, तिकडच्या शिकाऱ्यांकडे तशीच राहिली.

बघा, तोच पत्र्याचा डबा, तोच पाच-तीनचा आकडा, पण मागची भीती प्रत्येक ठिकाणी निराळी. बदकांच्या नियमामागं पक्षी संपतील ही भीती. रायफलीच्या नियमामागं शिकारी बेभान होईल ही भीती. कॅनडात माणसं मारली जातील ही भीती. मावसभावाला तीन शनिवार हिंडवणारा नियम यातला दुसरा. तिकडचे लोकही या तिन्ही गोष्टींची सरमिसळ करतात आणि मग वाद नुसता तापतो.

आता आपल्याकडे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेच्या शिकारीचं दार बंद झालं, आणि ते बंदच राहावं असं माझं ठाम मत आहे. पण कलम ११ मध्ये एक फट ठेवलेली आहे. काही जनावरांनी उभ्या पिकाची नासाडी केली, तर अधिकृत वन अधिकारी लेखी आदेशानं ती मारायची परवानगी देऊ शकतो. केरळनं २०२२ साली रानडुकरांबाबत हा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत नेला. आपल्याकडे तशी मागणी होते तेव्हा साधनाचा विषय निघतच नाही.

आणि गंमत म्हणजे साधनाचा विचार आपल्या कायद्यात आधीपासून आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी वेगळा उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. आमच्या सिंधुदुर्गात अशा बंदुका आजही घरोघरी दिसतात, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. ठासणीची म्हणजे काय? दारू घाला, ठासा, छरे घाला, पुन्हा ठासा, केप लावा, मग एक बार. अमेरिकेनं लाकडी दांडी घालून तीन केले, जर्मनीनं कोर्टकचेरी करून तीन केले. आपल्या कायद्यानं शेतकऱ्याच्या हातात एकाच बाराची बंदूक गृहीत धरली. तिच्यानं डुकरांचा कळप संपत नाही, पण उडालेल्या प्रत्येक बाराचा आवाज गावभर जातो. चोरून काही होत नाही.

मग आज रानात प्रत्यक्ष काय वापरलं जातं? बंदूक कमीच. वापरतात तारेची फासकी, कुंपणात सोडलेली वीज, गावठी बॉम्ब. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी कोकणात कुणी वाचली नाही असं होणार नाही. विजेच्या तारेत तर कधी शेजारच्याच घरातला माणूस जातो. फासकीला मॅगझिन नसतं. ती मोजत नाही, नेम धरत नाही, थांबत नाही. पिल्लू की मादी, डुक्कर की बिबट्या, तिला सगळं सारखंच. ज्या भीतीपोटी जगानं बंदुकीला दांडी ठोकली, ती सगळी भीती या दहा रुपयांच्या तारेत उघडी फिरतेय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या ग्रामसभेत रानडुकरांचा विषय निघाला की "परवानगी हवी" किंवा "नको" यावर थांबू नका. परवानगीच्या कागदावर चार ओळी मागा. मारणार कोण, कुठल्या हत्यारानं, एका वेळी किती बार, आणि मेलेलं-जखमी मोजणार कोण. त्याच ठरावात फासकी आणि विजेची तार आपल्या शिवारात चालणार नाही असंही लिहून घ्या. आणि शेतकऱ्याची भरपाई वेळेत मिळावी ही ओळ विसरू नका. ती मिळाली नाही, तर रात्री तार सोडणाऱ्याला नुसता उपदेश करून कुणी अडवू शकत नाही.

तुमच्या गावात काय चाललंय ते कमेंटमध्ये लिहा. नावं घेऊ नका, पद्धत लिहा.